समोरची ललिता

ललिता खोब्रागडेला कोणी विचारलं, बाई, तुम्ही एवढ्या धीट कशा, तर तिचं उत्तर ठरलेलं असायचं. शाळेत जाताना चौघींत मी समोर राहायची ना, मग भीती कशाची? सावरटोल्याच्या अंगणवाडीची ती सेविका, बचत गटाची अध्यक्ष आणि मधली काही वर्षं ग्रामपंचायतीची सदस्यही. ग्रामसभेत ती उभी राहिली की बापे लोक तंबाखू मळायचे थांबत. बाई बोलायला लागली की लवकर बसत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. पण या सगळ्या पदांपेक्षा तिला अभिमान होता तो त्या सायकलींच्या रांगेतल्या पहिल्या जागेचा.

सावरटोल्यात शाळा सातवीपर्यंतच. पुढं शिकायचं तर वाघाच्या जंगलातून जाणाऱ्या रस्त्यानं मोठ्या गावच्या हायस्कुलात जावं लागे. त्या वर्षी सातवी पास झालेल्या पोरी चारच, ललिता, रिना, चंचल आणि बुधरी. एकटीदुकटीला कोणी पाठवलं नसतं. मग बुधरीचा बाप इसरू, ज्याचं निम्मं आयुष्य जंगलात मोहफूल आणि तेंदूपान गोळा करण्यात गेलं होतं, त्यानं पहिल्याच दिवशी पोरींची रांग लावून दिली. समोर ललिता, मग रिना, मग चंचल आणि शेवटी त्याची स्वतःची पोरगी. रांग मोडायची नाही, कोणी कोणाच्या पुढं जायचं नाही आणि तोंड बंद ठेवायचं नाही, एवढंच त्यानं सांगितलं. जनावराला माणसाचा आवाज आला की ते आपण होऊन बाजूला होतं, असं तो म्हणायचा.

म्हणून पोरी पाढे म्हणायच्या. ललिता समोरून सुरू करायची आणि बाकीच्या मागून ओढायच्या. एकोणतीसचा पाढा सरळ म्हणणाऱ्या त्या तालुक्यातल्या बहुधा एकट्याच मुली असतील. गुरुजी चकित व्हायचे. त्यांना काय माहीत, की या गणिताचं श्रेय वाघाचं होतं.

काय दिवस होते ते! ललिताच्या बापाची, देवरावची, उंच काळी सायकल होती. तिचे पाय पायडलपर्यंत पोचत नसत, म्हणून ती दांड्याखालून पाय घालून कैची मारायची. उन्हाळ्याच्या तोंडाला मोहाखाली पिवळा सडा पडलेला असे आणि साऱ्या रस्त्याला गोड, जडसर वास येई. टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, पिकली की स्कर्टाच्या ओच्यात भरून घ्यायची. पावसाळ्यात नाल्याला पाणी असलं की सायकली खांद्यावर घेऊन पलीकडं जायचं आणि पलीकडं गेल्यावर पुन्हा तीच रांग. डब्यातला भात थंडगार होऊन जाई आणि तरी चौघींना एकमेकींच्या डब्यातलाच गोड लागे. पुढं ललितानं लग्नाची, बारशाची, सत्काराची कितीतरी जेवणं जेवली. त्या भाताची चव काही तिला पुन्हा भेटली नाही.

दहावीनंतर वाटा फुटल्या. रिना लग्न होऊन वडशाला गेली, तिथं शिवणकाम करू लागली. हिवाळ्यात नाटक कंपन्यांचे झगमगीत कपडे तिच्याच मशिनीवर तयार होत. चंचल ब्रह्मपुरीच्या कॉलेजात ग्रंथालयात लागली. बुधरी गावातच राहिली. धानाची शेती, जंगल, आणि सायकलच्या कॅरिअरवर कधी धानाचं पोतं, कधी सरपणाचा भारा. ललिताही गावातल्या गावात दिली होती, त्यामुळं दोघींची रोज भेट व्हायची.

गेल्या हिवाळ्यात ब्रह्मपुरीच्या एका क्रीडा मंडळानं बायकांसाठी सायकल शर्यत ठेवली. साध्या सायकलींचा एक गट होता, संघ चौघींचा. ललितानं रस्ता विचारला तर तो त्यांच्या शाळेच्या जंगलातूनच जाणार होता. तिच्या अंगावर काटाच आला. तिनं रिनाला फोन केला, चंचलला केला, बुधरीच्या दारात जाऊन उभी राहिली. शाळेत असताना तालुक्याच्या सायकल शर्यती फक्त पोरांच्या होत. चौघी कुंपणाबाहेर उभ्या राहून बघत. आता एकदा तरी शिल्ड घरी आणायची, आणि संघाची कॅप्टन अर्थातच मी, असं तिनं जाहीर करून टाकलं. कोणी हरकत घेतली नाही.

सरावाला चौघी जमल्या. चाळिशी जवळ आलेली, कोणाला गुडघा, कोणाला थायरॉइड. ललिता सवयीनं समोर लागली. थोडं अंतर गेल्यावर चंचल म्हणाली, की समोर वारा लागतो, तिथं दमदार गडी असावा. बुधरीला समोर जाऊ द्यावं. ललिता हसली. म्हणाली, इसरूकाकांनी मला समोर ठेवलं ते काय उगाच?

तेव्हा बुधरी सहज बोलून गेली, "अवं, तू कमजोर होती न. कैची मारत होती. बाबानं म्हटलं, सगळ्यात हळू चालते तिले समोर ठेवा, म्हणजे कोणी मांग राहात नाई. जंगलात असंच असते."

रिना हसली, चंचल हसली, ललिताही हसली. हसू संपल्यावरही तिचं तोंड तसंच राहिलं. त्या दोघींनाही हे माहीत होतं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, एक तिला सोडून. घरी आल्यावर तिला जेवण गेलं नाही. उभं आयुष्य जिच्या जोरावर ती ताठ मानेनं बोलली, ती जागा तिला धीटपणानं मिळाली नव्हती. ती ओझं होती म्हणून मिळाली होती. लोक हसतील म्हणून तिला वाईट वाटलं नाही. आपण आपल्याबद्दलच इतकी वर्षं काहीतरी भलतंच धरून बसलो, याचं तिला फार वाईट वाटलं. शर्यतीत जायचंच नाही, असंही मनात आलं. पण नाव तिनंच दिलं होतं.

शर्यतीच्या सकाळी धुकं होतं. मंडळाच्या माणसानं नियम सांगितला. चौघींपैकी तिसरी बाई रेषेपार झाली की संघाची वेळ धरायची; चौथी कधीही आली तरी चालेल. ललितानं तो नियम नीट ऐकला. सुरुवातीलाच तिनं बुधरीला समोर काढलं, रिनाला आणि चंचलला तिच्या मागं लावलं आणि स्वतः शेवटी राहिली. बुधरी म्हणजे पोत्याविना सायकल कशी हलकी चालते हे जिला प्रथमच कळत होतं अशी बाई, ती सुटलीच. गावंमागून गावं गेली. फक्त राजुऱ्याचा एक संघ त्यांच्या बरोबरीनं होता. जंगल लागायच्या आधीच ललिताला धाप लागली आणि समोरच्या तिघींचा वेग कमी होऊ लागला. त्या वळून बघत होत्या.

"जा," ललिता ओरडली. "माही वाट पाहू नका. तुमी तिघी पुरे."

त्या गेल्या. वळणापलीकडं दिसेनाशा झाल्या आणि ललिता त्या रस्त्यावर जन्मात पहिल्यांदा शेवटची झाली.

रस्ता आता डांबरी होता, पण साग तेच, मोहही तेच. स्वयंसेवकाची मोटारसायकल पुढं निघून गेली होती. बाकीचे संघ फार मागं राहिले होते, तिच्या पाठीमागं नजर पोचेल तिथवर कोणी नव्हतं. पान वाजलं तरी तिची मान मागं वळायची. पाठीचा सगळा भाग उघडा पडल्यासारखा वाटत होता. ती मोठ्यानं पाढा म्हणू लागली, आणि म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं, की मागून ओढायला कोणीच नाही. मग तिला बुधरी आठवली. आजची धडधाकट बुधरी नाही, दोन वेण्यांतली, तेरा वर्षांची. रोज संध्याकाळी सूर्य कलल्यावर घरी परतताना ती या जागी असायची. तिच्या मागं कोणी नसायचं. ललितानं एवढी वर्षं आपल्या जागेचा विचार केला, कधी मिरवत, आणि सरावानंतरचा हा आठवडाभर रडत. शेवटच्या जागेचा विचार तिला एकदाही सुचला नव्हता.

ब्रह्मपुरीत शिरताना तिला लांबूनच गर्दी दिसली. रिना आणि चंचल रेषेपलीकडं उभ्या होत्या आणि कपाळावर हात मारून घेत होत्या. रेषेच्या अलीकडं, पुढचं चाक टेकवून, एक पाय जमिनीवर ठेवून बुधरी उभी होती. राजुऱ्याचा संघ केव्हाच आत जाऊन हार घालून घेत होता. मंडळाचा माणूस हात हलवून हलवून थकला होता. एका पावलाचं काम, बाई, आत या, असं तो विनवत होता. बुधरी त्याला शांतपणे सांगत होती, की आमची एक यायची हाय. शेवटच्यानं सगळे आत गेल्याशिवाय गावात पाय ठेवायचा नसतो. तिला दुसरं काही येतच नव्हतं.

ललिता तिच्याजवळ येऊन थांबली. शिल्डचं बोलायचं तिच्या मनातही आलं नाही. श्वास खाली बसेपर्यंतही तिला धीर निघाला नाही.

"बुधरे, तुले मांग भेव लागत होतं का?"

"लागे न," बुधरी म्हणाली. "रोज लागे."

"मंग सांगितलं काऊन नाई कधी?"

बुधरीला हा प्रश्नच नवा होता. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"सांगितलं असतं त तू समोर थांबली असती," ती म्हणाली. "तू थांबली असती त सगळ्याच थांबलो असतो. मंग घरी कोण गेलं असतं?"

ललिताच्या डोळ्यांत पाणी आलं आणि भर रस्त्यात, लोकांदेखत ती रडली. बुधरीनं सवयीनं बाजूला होऊन तिला वाट करून दिली. ललितानं आपली सायकल एक हात मागं घेतली.

"नाई," ती म्हणाली. "आज तू समोर हो. मांग मी हावो."

बुधरी आधी रेषेपार झाली. ललिता तिच्या मागून गेली.