आमच्या गेममधल्या साती आसरा

असल्या गोष्टी मी कधीच मानल्या नाहीत. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, तोही गावच्या शाळेतले सर पाठीशी उभे राहिले म्हणून. समजत नाही ते तपासून बघायचं, हे त्यांनीच शिकवलं. तरी लिहितोय, कारण डोकं अजून शांत झालेलं नाही.

नवीन पनवेलच्या एका छोट्या स्टुडिओत मी गेममधली पात्रं घडवायचो. गेम कोकणातल्या लोककथांवर होता. खाडीच्या लेव्हलसाठी काहीतरी हवं होतं, म्हणून मी साती आसरांबद्दल, म्हणजे पाण्यातल्या सात देवींबद्दल सांगितलं. आम्ही मोरा बंदराकडचे कोळी. नवी होडी पाण्यात घालताना काठावरच्या सात दगडांना हिरव्या बांगड्या वाहतो... पाण्यातल्या माणसाला त्या राखतात म्हणून.

आमचा टीम लीड म्हणाला, "मस्त. दात लाव, केस मोकळे सोड. प्लेअरला ओढून बुडवतील."

"सर, त्या राखणदार आहेत. माझी आई पाया पडते त्यांच्या."

"आई खेळणारे का गेम? प्लेअरला मारायला कुणीतरी नको?"

सगळे हसले. घर माझ्या पगारावर चालायचं. मी दात लावले.

प्रोग्रामिंग टीममधल्या सायलीचं. तिने त्यांना दोनच गोष्टी शिकवल्या — फिरायचं आणि बुडवायचं. टेस्टिंगमध्ये तसंच चालत होतं.

क्लायंटसमोर डेमो होता, भर दुपारी. लीडने प्लेअर पाण्यात उतरवला. सातही जणी आल्या... आणि त्याच्याभोवती कडं करून त्याला काठाकडे ढकलायला लागल्या. पुन्हा उतरवला, पुन्हा काठावर. सायली माझ्या कानात म्हणाली, "हे मी लिहिलेलंच नाही रे."

क्लायंट खूश. लीड लगेच म्हणाला, "हाच ट्विस्ट. माझी आयडिया."

दुसऱ्या दिवसापासून त्या पुन्हा बुडवायला लागल्या. सायलीने सगळा कोड तपासला — कुणी काहीच बदललं नव्हतं. लीडचं एकच, "तुझ्याच देव्या ना? काय केलं होतंस ते परत कर." मी लपवतोय असं ठरवून शेवटी त्याने मला काढलं. 'माझी आयडिया' म्हणणाऱ्याला ती परत करून दाखवता येईना, आणि घरी बसलो मी.

त्या दुपारी काय झालं, याचं उत्तर सायलीकडे नाही, माझ्याकडेही नाही. घरी आईवरच चिडलो, "तुझ्या आसरांनी त्या पडद्यावरच्या खोट्या माणसाला वाचवलं, मग माझी नोकरी का नाही वाचवली?"

आई मासे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू काय बुडत व्हतास?"