सीनेच्या पाण्यात मी बोललो नव्हतो

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी तिथून उठून जातो. ऐकवत नाहीत. तरी ही एक लिहून ठेवतो...

साल बत्तीस-तेहतीस असेल. मी सोलापुरात कापडगिरणीत कामाला होतो. आमच्या खात्यातल्या करीमची आई वारली. सीना नदीपलीकडच्या गावात, नवऱ्याच्या कबरीशेजारी पुरावं, एवढंच तिचं मागणं होतं. आम्ही आठ जण सकाळीच जनाजा घेऊन निघालो. नदीवर आलो तर पाणी चढलेलं, होडी बंद.

माझं लहानपण त्याच काठावर गेलेलं. करीम म्हणाला, "रशीदभाई, तुम आगे चलो. तुमकू उतार मालूम है."

नदी पायी ओलांडायचा तो उतार माहीत होता. पण त्याच उतारावर लहानपणी धाकट्या भावाचा हात माझ्या हातातून सुटला होता... ते करीमला ठाऊक नव्हतं. 'मला जमणार नाही' म्हणायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. सगळे माझ्याकडे बघत उभे. काठी घेतली आणि पाण्यात उतरलो. भीती वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही.

छातीएवढं पाणी. मागे सात जणांनी जनाजा डोक्यावर तोललेला. मी काठीनं तळ चाचपत पुढे. आवाज गेलेला तो गेलेलाच. एकदाही मागे वळलो नाही.

पलीकडे पोचल्यावर करीम गळ्यात पडला. "तुम बोलते रहे सो आए, भाई. 'रुको, डावीकू खड्डा है' नै बोलते तो अम्मा बह जाती थी!"

मी मान हलवली — नाही. खड्ड्याचं तर मला माहीतच नव्हतं.

काठावर एक धनगर मेंढरं घेऊन उभा होता. करीमनं त्याला विचारलं, "मामा, पाण्यातून कोण ओरडत होतं?"

"ह्योच की! लई मोठ्यानं वरडत हुता. हितंवर ऐकू येत हुतं."

माती देताना मला रडू आलं नाही. बरंही वाटलं नाही. तिथंच पहिला शब्द फुटला, तोही घोगरा. करीम म्हणाला, "इत्ता चिल्लाए ना, गला बैठ गया."

पुढे दोनदा मी त्याच उतारावरून माणसं पार नेली. दोन्ही वेळा मीच ओरडलो, माझा आवाज मला ऐकू आला. त्या दिवशी मात्र मी एक शब्दही बोललो नव्हतो. मग कोण बोललं... मला आजही सांगता येत नाही.