गॅस गेलेल्या खुर्च्या

ऑफिसच्या खुर्चीचं चाक उलटं करून बघितलंय कधी? केस, दोरे, पिना, कुणाच्या तरी लग्नातल्या अक्षता... काय काय गुंडाळलेलं असतं! मी मूळची निपाणीची. बेंगळुरात महादेवपुऱ्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ॲडमिन बघते. खुर्च्या धुणं, दुरुस्त करून घेणं माझ्याकडे. चाकं साफ करता करता किस्सेही असेच गोळा होत गेले.

*

आमचे मॅनेजर देशपांडे, पुण्याचे. त्यांच्या खुर्चीतला गॅस गेला होता. म्हणजे बसलं की खुर्ची हळूहळू खाली जायची. त्या दिवशी ते एका मुलाचा इंटरव्ह्यू घेत होते. प्रश्न विचारता विचारता सर खाली चालले. मुलगा बिचारा सभ्य. साहेबांपेक्षा उंच कसं बसायचं? त्यानंही आपली खुर्ची खाली घेतली. सर आणखी खाली, हा आणखी खाली. मी चहाचं विचारायला दार उघडलं, तर टेबलावर फक्त दोन डोकी!

मुलगा सिलेक्ट झाला. सर मला म्हणाले, "बेंगळुरात टिकेल हा. स्वल्प ॲडजस्ट करतो!"

*

टेस्टिंगमधल्या श्वेताची खुर्ची कुरकुरायची. "थांब, मेकॅनिकला बोलावते," मी म्हटलं. ती कसली थांबते! डब्यातलं पुरणपोळीवरचं तूप घातलं तिनं चाकांत. आवाज बंद. दोन दिवसांनी मुंग्या!

तिनं घाईघाईत ऑनलाइन तक्रार टाकली, "चेअरमध्ये बग्ज आहेत." बग्ज म्हटल्यावर तक्रार गेली थेट डेव्हलपर्सकडे. संध्याकाळी उत्तर आलं, "आमच्याकडे रिप्रोड्यूस होत नाही."

*

एकदा मीटिंग रूमच्या कापडी खुर्च्या शाम्पूनं धुतल्या. वरून कोरड्या, आतून चिंब. 'बसू नका' अशी पाटी लावली, तीही खुर्चीवरच. दिल्लीहून आलेल्या डायरेक्टरसाहेबांनी पाटी उचलून टेबलावर ठेवली आणि ऐसपैस बसले.

मग जे ताडकन उठले, ते भिंतीला पाठ लावून उभे! साहेब उभे म्हणून सगळे उभे. दोन तासांची मीटिंग चहा यायच्या आत संपली.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी ही गर्दी. "मॅडम, आमच्या मीटिंगच्या आधी पण धुवा ना!"

*

दसऱ्याच्या आयुधपूजेला आमचे खुर्च्यांचे मेकॅनिक हनुमंतप्पा अण्णांनी नव्या खुर्च्यांना हार घातले, कुंकू लावलं आणि चाकांखाली लिंबं ठेवली.

"अण्णा, ही काय गाडी आहे?"

"चाकं आहेत की, अक्का!"

एचआरच्या साहेबांना वर बसवलं आणि सगळ्यांनी ढकललं. लिंबू काही फुटेना. "रिव्हर्स, सर, रिव्हर्स!" साहेबांनी पायानं रेटा दिला, खुर्ची गरकन फिरली आणि केळीचा खांब आडवा!

अण्णा शांतपणे खांब उचलत म्हणाले, "सर, लायसन्स इदेया? आहे ना लायसन्स?"

*

आणि आमचे अकाउंट्सचे नागोजीराव. पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेलं, बनशंकरीतलं मराठी घर. त्यांची खुर्ची कंपनीइतकी जुनी. हात फाटलेले, पाठ एका बाजूला कललेली. नवी द्यायला गेलं की म्हणायचे, "नको अक्का, हीच सरी, हीच बरी. हिला माझी पाठ ठाऊक आहे." मग पुन्हा तिचे स्क्रू आवळायचे, कापड शिवून घ्यायचं.

रिटायर होताना काय हवं ते विचारलं. घड्याळ नको, शाल नको. "ही खुर्ची द्या."

दिली! निरोपाचा केक कापल्यावर ऑटो बोलावली. खुर्ची आत घातली, तर त्यांना बसायला जागाच उरेना. "तू हो पुढं," नागोजीराव म्हणाले. ऑटोवाल्याला नव्हे, खुर्चीला! "मी मागून येतो."

बऱ्याच वेळानं त्यांच्या बायकोचा मला फोन. "अक्का, खुर्ची पोचली हो. हे कुठं आहेत?"

मी अकाउंट्समध्ये डोकावले. त्यांच्या जागी येणाऱ्या माणसासाठी नवी खुर्ची आणून ठेवली होती. तिचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं. नागोजीराव तिच्यावर बसले होते. एकदा वर घेतली, एकदा खाली. मग मागं रेलून बघितलं.

मला बघून म्हणाले, "अक्का, ही चांगली आहे की हो!"