व्हर्लिनच्या चौदा पाट्या

व्हर्लिन टॉलेफसनने केलेली कुठलीही गोष्ट पुन्हा उखडता येत नसे. चीजच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्याने विस्कॉन्सिनमधल्या आपल्या घरामागे गोल्डनरॉड या पिवळ्या रानफुलाच्या चौदा जातींचे चौदा वाफे केले आणि प्रत्येकासमोर जातीच्या नावाची पत्र्याची पाटी काँक्रीटमध्ये रोवली. हातोडीने एकेक अक्षर ठोकलेली पाटी. गावातले लोक ही पिवळी फुलं दिसली की आधीच नाकाला रुमाल लावत. शिंका भलत्याच तणामुळे येतात, हे व्हर्लिनने त्यांना पंधरा वर्षं सांगितलं. कुणी ऐकलं नाही.

तो फेब्रुवारीत गेला. त्याची बायको आर्लिस या फुलांच्या वाटेला कधी गेली नव्हती. तिने सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली होती आणि तेवढ्यात काचेतून तिला पुरेशी झाडं दिसली होती.

उन्हाळ्यात वनस्पती मंडळाच्या मार्जीन रुस्टाडचा फोन आला. पुढल्या वर्षी मंडळ बागेला व्हर्लिनचं नाव देणार होतं. झाडांची यादी तेवढी हवी होती. आर्लिसला पाट्यांवरची नावं नुसती कागदावर उतरवून देता आली असती. पण रोज बस काढण्याआधी चाकं तपासलेली बाई ती. फुलं उमलल्यावर व्हर्लिनचं पुस्तक आणि भिंग घेऊन ती वाफ्यात उतरली.

‘ताठ गोल्डनरॉड’ची पानं पॉलिशपेपरसारखी खरखरीत हवी होती, ती मऊ लागली. ‘नागमोडी’चा दांडा सरळसोट निघाला. तिने तीन दिवस सगळं पुन्हा तपासलं, एकदा तर व्हर्लिनचा चष्मा लावून. चौदापैकी अकरा पाट्या चुकीच्या होत्या.

“धन्य आहे तुझी, व्हर्लिन,” ती मोठ्याने म्हणाली. “आणि गावाला शहाणपण शिकवत होतास!”

मंडळासमोर त्याची फजिती होणं तिला सहन होणार नव्हतं. ती स्वतः जन्मभर त्याला हसली होती, पण तो हक्क तिने मंडळाला दिलेला नव्हता. पाटी उपटायला तिने पहार लावली. पहार वाकली.

मग तिने झाडं हलवायला घेतली. ऑक्टोबरभर कमरेला पट्टा बांधून ती खणत होती. सहा झाडं नुसती एकमेकांच्या जागी होती, त्यांची अदलाबदल झाली. उरलेल्या पाच वाफ्यांत मात्र कुठेही उगवणारा साधा कॅनडा गोल्डनरॉडच भरला होता. तो तिने मुळासकट काढला आणि खरी पाच झाडं ओळखीच्या शेतकऱ्यांच्या बांधांवरून विचारून आणली. त्यातल्या एकाला सतत ओल लागायची, म्हणून पाटीमागे कपडे धुवायचा टब पुरला. मुलीला फोनवर सांगितलं, कंबर अशीच धरलीय, वय झालं.

पुढल्या सप्टेंबरात मंडळ आलं. मार्जीन भिंग घेऊन पहिल्या पाटीपासून चौदाव्यापर्यंत गेली आणि पुन्हा उलटी आली. मग बाकीच्यांना कॉफी-केककडे पिटाळून ती मागे थांबली.

“आर्लिस, सगळी बरोबर आहेत गं.”

“असणारच. व्हर्लिनने लावलीत.”

“मला नको सांगूस. पहिल्या वर्षापासून येतेय मी इथे. अकरा चुकलेली होती.”

आर्लिसचा चेहरा उतरला. “मग त्याला बोलली का नाहीस?”

“बोलले ना, दुसऱ्याच वर्षी. तर म्हणाला, काँक्रीट वाळलं आता. आणि झाडं हलवायला काढली तर आर्लिसला कळेल. या एका गोष्टीत ती मला हुशार समजते, तेवढं राहू दे म्हणाला.”

आर्लिसला आधी हसू फुटलं. मग रडू आलं, आणि ते काही केल्या थांबेना. कमरेवर हात ठेवून ती जवळच्या पाटीसमोर उभी राहिली.

“मेल्या,” ती पाटीला म्हणाली, “एकदा सांगितलं असतंस, तर दोघांनी मिळून खणलं असतं.”