सकाळी गेली, संध्याकाळी आली

दोन हजार सतरा साली, दिवाळी उरकल्यावर, कॅन्सरची गाठ निघाली म्हणून माझा डावा स्तन काढला. त्याच टेबलावर त्याच्या जागी नवा बसवला आणि त्याच संध्याकाळी मला घरी पाठवलं.

डॉक्टर चांगला माणूस होता, हे आधीच सांगते. हॉस्पिटल तलासरीच्या पुढे, गुजरातच्या हद्दीत. "बेन, घरी आराम करा. इथे पडून राहिलात तर उगाच इन्फेक्शन घ्याल," तो म्हणाला. आराम म्हणे! त्याने आमचं घर कुठे पाहिलं होतं? काखेतून एक नळी बाहेर आली होती आणि तिच्या टोकाला प्लास्टिकची बाटली होती. त्यात साठलेलं पाणी रोज मापून लिहायचं आणि सहा आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. नवऱ्याने मान डोलावली, मीही डोलावली. मग तलासरीपासून डहाणूपर्यंत प्रत्येक खड्ड्याला मी डॉक्टरला शिव्या घातल्या.

आमच्या आळीत एक रीत आहे. कुणी बाई दवाखान्यात पडली की तिची मासळी बाकीच्या बाया सुकवतात. आज ही, उद्या ती, कुणाला सांगावं लागत नाही. ती घरी आली की नारळ घेऊन एकदा बघायला जायचं, आणि काम पुन्हा तिच्या गळ्यात. दवाखान्यात आहे तोवर आजारी, घरी आली की बरी. मीही हाच हिशेब करत आले होते. शेजारणीची गर्भपिशवी काढली तेव्हा तिचे बोंबील मी आठवडाभर वाळवले, आणि ती घरी आल्यावर तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाया आल्या. पुढे पलीकडच्या घरातली काकी, आळीत जिचा शब्द चालतो ती.

"काय गो, सकाळी गेली न् संध्याकाळी आली पन? मी तर तुझ्या बोंबलांचं बघनार होती." मग तिची नजर माझ्या छातीवर गेली. "आन् हाय की सगळं जागेवर! उगा घाबरवलं आमाला."

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि त्या हसण्याचा मला अजून संताप येतो. बाटली सासूने कापडी पिशवीत घालून उशीखाली दडवली होती, रक्तासारखं पाणी बायांना कशाला दाखवायचं म्हणून. मी ती ओढून काढून काकीच्या नाकासमोर धरू शकले असते. धरली नाही, कारण काकी बोलली ते मला आवडलं होतं. सगळं जागेवर दिसावं, आळीत कुणाला काही कळू नये, एवढ्यासाठीच तर मी तो नवा स्तन बसवून घेतला होता. तो टिकायला हवा होता, बाकी काही नको होतं.

दोन दिवसांनी नवरा बोटीवर गेला. पाचव्या दिवशी बोट आली ती बोंबलांनी भरून. बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या दांड्या डोक्याच्याही वर असतात. सासूचे गुडघे गेलेले, तिचा हात खालच्या दांडीपलीकडे पोचत नाही.

"बायांना बोलवा ना," मी म्हटलं.

"कोन्या तोंडानं बोलवू? तू घरी हाय."

"घरी आहे म्हणून काय झालं? मला हात वर करायचा नाही."

"ते मला म्हाईत. त्यांना काय सांगू?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते द्यायचं नव्हतं. ओला बोंबील दुपारपर्यंत थांबत नाही. मी चडफडत उठले. फक्त उजव्या हाताने करायचं ठरवलं होतं. पण दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दांडीवर टाकावी लागते. एका हाताने ते होतच नाही, करून बघा. चौथ्या-पाचव्या जोडीला डावा हात आपोआप वर गेला.

संध्याकाळी बाटलीत लालभडक पाणी होतं. मी आकडा लिहिला आणि वही मिटली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी ताप भरला, टाक्यांतून पू यायला लागला. पुन्हा तोच रस्ता, तेच खड्डे; या वेळी शिव्या द्यायचंही त्राण नव्हतं. डॉक्टर पहिल्यांदाच चिडला. "बेन, सांगितलं होतं ना?" बसवलेलं सगळं काढून टाकावं लागलं. या खेपेला मला सहा रात्री ठेवून घेतलं.

घरी आले तर दांड्या वरपासून खालपर्यंत भरलेल्या. वाळलेले बोंबील निवडून, टोपल्यांत भरून, वर फडकी बांधून ठेवलेले. माझ्या हातूनही इतकं नीट झालं नसतं. काकी नारळ घेऊन आली. ब्लाउजची सपाट बाजू तिने पाहिली, माझा हात धरला आणि घळाघळा रडली.

"आता खरं आपरेशन झालं गो तुझं."

तिला धक्के मारून घराबाहेर काढावंसं वाटलं. मी म्हटलं, "काकी, वरच्या दांडीवरचे उतरवायचे आहेत."

ती लगेच उठली, डोळे पुसले आणि पदर खोचून बाहेर गेली.