मास्तरने केलेले तिखट चिकन नाचोज

कपड्यांच्या कारखान्यात सगळ्या तिला मास्तर म्हणत. ती कटिंग मास्तर होती. टेबलावर कापडाचे चाळीस थर पसरले, की तिच्या हातातलं यंत्र खडूच्या रेघेवरून सुतासारखं सरळ जायचं. बावीस वर्षं असं चाललं. मग एका सकाळी चहाचा कप तिच्या उजव्या हातातून निसटला आणि तो हात पुन्हा कामाला आलाच नाही. पाय सावरला, जीभ सावरली. हात मात्र नुसता लटकत राहिला.

तेव्हापासून तिने चारचौघांत जेवणं सोडलं. डाव्या हाताने चमचा धरला, की निम्मा घास ताटात आणि निम्मा अंगावर. कारखान्यातल्या चौघी मैत्रिणी भेटायला येतो म्हणाल्या, की ती काहीतरी सबब सांगायची. असं सव्वा वर्ष गेलं.

एकदा मुलीने बाहेरून चिकन नाचोज आणले. मक्याचे कुरकुरीत तुकडे, वर तिखट चिकन, वितळलेलं चीज. उचलायचं आणि तोंडात टाकायचं, चमच्याचं कामच नाही. मुलीचीही बोटं बरबटली होती. मास्तरने डाव्या हाताने खाऊन खोकं रिकामं केलं. मग तिने सांगून टाकलं, की रविवारी चौघींना बोलवायचं आणि हेच घरी करायचं.

मुलगी हबकली. तयार मागवू, नाहीतर मी करते, अशी तिने बरीच गळ घातली. मास्तरने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू फक्त गरम ट्रे ओव्हनमधून बाहेर काढ. बाकी कशाला हात लावायचा नाही."

सुतारकाम करणाऱ्या धाकट्या भावाने तिला एका फळीला खालून दोन खिळे ठोकून दिले. वर आलेल्या टोकांवर कांदा रोवला, की तो हलत नसे. रविवारी सकाळी तिने सावकाश चार कांदे चिरले. किसणी सरकायला लागली, तेव्हा ती अर्ध्या उघड्या खणात अडकवून खण कमरेने दाबला आणि चीज किसलं. लसूण, लाल तिखट आणि जिरेपूड घालून चिकन शिजवलं. खरी पंचाईत झाली ती त्याचे धागे काढताना. काट्याने ओढलं, की तुकडाच पुढे पळायचा. एक तर थेट जमिनीवर गेला. दारात उभी असलेली मुलगी ओठ चावत होती.

मास्तर थांबली. लुळ्या हातावर तिने स्वच्छ पिशवी चढवली, तो उचलून चिकनवर ठेवला आणि त्याला म्हणाली, "सव्वा वर्ष बसून खाल्लंस. आता जरा वजन टाक."

तुकडा जागचा हलला नाही. काटा फिरला, धागे सुटले.

दुपारी ट्रे मधोमध ठेवला आणि पाचही जणी त्यावर तुटून पडल्या. नाकं वाहू लागली, बोटं माखली, कोणाचं कोणाकडे लक्ष नव्हतं. चौघींपैकी बटणं लावणाऱ्या थोरल्या बाईने कांद्याचे दोन तुकडे शेजारी धरून पाहिले आणि एवढा एकसारखा कोणी चिरला, असं विचारलं.

"मी," मास्तर भरल्या तोंडाने म्हणाली.

थोरलीने ते दोन्ही तुकडे खाऊन टाकले. कारखान्यातले नवे कारागीर रेघ सोडून कापतात, त्यांच्या डोक्यावर उभं राहायला सोमवारपासून ये, असं तिने बजावलं. मालकाशी आपण बोलू, म्हणाली.

येते, असं सांगून मास्तरने मुलीला दुसरा ट्रे आणायला फर्मावलं. हनुवटीवर ओघळलेलं चीज पुसायचं तिला सुचलंही नाही.