त्रिशलाच्या नवऱ्याचा दाखला

श्रीपालचं नाव काढलं की आजही माझं डोकं फिरतं. बोरगावात आमची भिंतीला भिंत. त्याचा धाकटा भाऊ गोमटेश याने सहा वर्षांपूर्वी मुनिदीक्षा घेतली. श्रीपालने मिरवणुकीला हत्ती आणला, गावजेवण घातलं आणि माइकवर सांगितलं, "आजपासनं गोमटेश आमाला मेला." दुसऱ्या दिवशी गोमटेशच्या बायकोला, त्रिशलाला, चार बायकांपुढे बसवून मंगळसूत्र काढायला लावलं. धर्मात तसं आहे म्हणे. कुठल्या पोथीत, हे विचारायची माझी छाती झाली नाही. त्याची लाज अजून वाटते.

मग श्रीपालने तिला तंबाखूच्या रानातून हाकललं. गोमटेशच्या वाटणीचं दोन एकर रान आपल्या नावावर व्हावं, एवढंच तिचं मागणं. कचेरीत म्हणाले, मृत्यूचा दाखला आणा. आता कुठला आणणार? माणूस अनवाणी गावोगाव हिंडतोय. शेवटी ती निपाणीच्या कोर्टात गेली. मीही सोबत गेले.

तिचा वकील म्हणाला, धर्माने संन्यास म्हणजे मरणच. श्रीपालचा वकील फिस्सकन हसला. "कोर्टानं धर्म कशाला बघायचा? कायद्यानं गोमटेश जिवंत आहे. जिवंत माणसाला वारस कसला?"

कोर्टात पोथी आणू नये, हे शाळेत मीच तीस वर्षं पोरांना शिकवलं. पण त्या तोंडून ते ऐकलं आणि अंगाची लाही लाही झाली. बाईचा गळा मोकळा करताना धर्म, आणि रान द्यायची वेळ आली की कायदा! निर्लज्ज मेले.

न्यायाधीशांनी कन्नडमधून त्रिशलाला विचारलं, काही सांगायचंय का? तिने कमरेच्या पिशवीतून मंगळसूत्र काढलं आणि समोरच्या कठड्यावर ठेवलं.

"सायेब, ते जित्तं हाईत म्हंत्यात भावजी. मग ह्ये परत बांधाय बोलवा म्हणावं त्यास्नी."

श्रीपाल ताडकन उठला. वकिलाने सदरा ओढला तरी ओरडलाच, "लाज न्हाय व्हय गं? मुनिम्हाराज हाईत ते! त्यास्नी आता बायकू न्हाय, रान न्हाय, काय बी न्हाय!"

न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि कारकुनाकडे वळून म्हणाले, "हे यांचं म्हणणं शब्दन् शब्द लिहून घ्या."